मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट

आमच्या शहरातल्या एका समाजसेवी क्लबाने माझ्या आईला फसवलं. तिच्याकडून नेत्रदानाचा फॉर्म भरून घेतला, तो मोजून बक्षीस मिळवलं आणि फॉर्म कपाटात टाकून दिला. आई गेली त्या दिवशी तिचे डोळे न्यायला कोणीही आलं नाही.

मी त्या क्लबाचा मेंबर नाही. फ्रीगंजमध्ये माझं भांड्यांचं दुकान आहे. वडील रेल्वेत होते. ते गेले तेव्हा मी अकरावीत होतो. टावर चौकात फुटपाथवर बसून लोकांच्या कुकरची रबरं आणि शिट्ट्या बदलण्यापासून मी सुरुवात केली, आणि आईने वीस-बावीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले. त्या दोन कामांवर दुकान उभं राहिलं. फुटपाथवर मी एकच गोष्ट शिकलो. पावती घेतल्याशिवाय हातातली वस्तू सोडायची नाही.

क्लबाच्या दर महिन्याच्या सभेत एक पाहुणा वक्ता असतो. त्याला देण्याचे स्टीलचे ट्रे माझ्याकडून जायचे, म्हणून मला त्या सभा माहीत होत्या. कधी तणावमुक्तीवर भाषण, कधी गच्चीवरच्या बागेवर. भाषण झालं की शाल, श्रीफळ, ट्रे, बॅनरसमोर फोटो आणि जेवण. ताटं उचलली जाईपर्यंत वक्ता काय बोलला ते कोणाच्या लक्षात नसायचं. तेव्हाचे अध्यक्ष ट्रेचा भाव करायला स्वतः यायचे.

"भिया, समाजसेवा का काम है, थोड़ा तो छोड़ो."

"समाजसेवा आपकी है, ट्रे तो मेरी है ना."

ते हसले आणि म्हणाले, "अच्छा, रविवार को माताजी को लेकर आओ. इंदौर से आँखों के डॉक्टर आ रहे हैं बोलने."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती सुईत दोरा स्वतः ओवायची आणि घरी येईल त्याला ओवून दाखवायची. ती लगेच तयार झाली.

डॉक्टर चांगले बोलले, हे मला कबूल केलंच पाहिजे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर भरल्या सभेत आई उभी राहिली.

"डॉक्टरसाब, मेरी आँखें तो सिलाई में घिस गईं. किसी के काम आएँगी क्या?"

"माताजी, ऑपरेशन हुआ हो, चश्मा हो, सब चलता है. आगे का परदा साफ़ रहा तो आपके बाद दो लोग देखेंगे."

आईने तिथल्या तिथे फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून मी सही केली. क्लबाच्या सचिवांनी फॉर्म घेतला आणि एक कार्ड दिलं. त्यावर क्लबाचं नाव मोठं होतं, अध्यक्षांचा फोटो होता आणि खाली एक मोबाइल नंबर. मी फॉर्मची पावती मागितली नाही. समाजसेवेची कसली पावती, असं वाटलं.

परत येताना ई-रिक्षात आई म्हणाली, "एक डोळा शिलाई करणाऱ्या बाईलाच मिळाला पाहिजे."

"आई, तिथे निवड करता येत नाही."

"विचारून बघायला काय जातं? एरवी तर सगळीकडे घासाघीस करत फिरतोस."

कार्ड तिने देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं. पूजा करताना रोज करंडा उचलून ते बघायची.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली. सकाळचे आठ वाजले होते. चहाचा कप तिने अर्धा ठेवला, आणि संपलं. बायकोने पंखा बंद केला, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. मी करंडा उचलून कार्डावरचा नंबर लावला.

तो त्या सचिवांचा स्वतःचा मोबाइल होता. ते म्हणाले, "अरे भिया, बहुत दुख हुआ. पर मेरा टर्म तो जून में ख़त्म हो गया. अब दूसरे सेक्रेटरी हैं."

या क्लबात दर जुलैत अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो आणि कामाचा विषयही बदलतो. मला हे ठाऊक होतं, कारण दर जुलैत ट्रेवरचं नाव बदलून द्यावं लागायचं. फक्त त्या कार्डाशी याचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. नव्या सचिवांना फोन लागायला पाऊण तास गेला.

"वो तो पिछले साल का प्रोजेक्ट था," ते म्हणाले. "इस साल हमारा पेड़ों पर है. रुकिए, पूछकर बताता हूँ."

मी थांबलो. दहा वाजले, साडेदहा झाले. जुने अध्यक्ष लग्नाला बाहेरगावी गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. दारात माणसं जमली होती. गुरुजी दोनदा म्हणाले की चक्रतीर्थाच्या स्मशानात गर्दी होईल. मामा खुर्चीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते.

"डोळे काढून देणार म्हणे. पुढच्या जन्मी आंधळी येईल माझी बहीण. आणि घेणारेही येत नाहीत, म्हणजे बघा."

मी मामांवर ओरडलो. आईच्या उशाशी उभा राहून वडीलधाऱ्या माणसाला नको ते बोललो. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

बायको दर थोड्या वेळाने कापूस ओला करत होती. बाराच्या सुमारास तिनेच कोणाकोणाला विचारून इंदूरच्या नेत्रपेढीचा नंबर मिळवला. तिथल्या बाईंनी रजिस्टर पाहिलं. आईचं नाव नव्हतं.

"नाम न हो तो भी चलता है," त्या म्हणाल्या. "फ़ॉर्म की ज़रूरत ही नहीं थी. बस हमें सुबह फ़ोन कर देते. अभी टीम देवास में है. आपके यहाँ तीन बजे से पहले नहीं पहुँचेगी."

दोनला सहा तास पुरे होत होते. त्यांनी माफी मागितली. वास्तविक चूक त्यांची नव्हती. दोन वाजता बायकोने कापूस काढला आणि आम्ही आईला उचललं.

त्या महिन्यात मी क्लबाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ट्रे देणं मी बंद केलं. ते दुसरीकडून घ्यायला लागले.

पुढच्या जुलैत आणखी नवे अध्यक्ष आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते दुकानात येऊन म्हणाले, "आप फुटपाथ से यहाँ तक आए. हमारे यहाँ बोलिए. लोगों को आइडिया मिलेगा."

मी हो म्हटलं. बायको म्हणाली, "अहो, तिथे भांडू नका."

"भांडायला कुठे, बोलायला बोलावलंय."

सभेआधी सचिवांनी, म्हणजे तिसऱ्या सचिवांनी, मला ऑफिसात बसवलं आणि माझ्यासाठी शाल काढायला कपाट उघडलं. शालींच्या खाली एक पितळी फलक होता. सर्वाधिक नेत्रदान संकल्प मिळवल्याबद्दल क्लबाला वरच्या मुख्य कार्यालयाकडून आलेला. फलकाखाली सुतळीने बांधलेला फॉर्मचा गठ्ठा.

"ये क्या है?"

"कुछ नहीं, पुराना रिकॉर्ड है. ऊपर तो सिर्फ़ गिनती और फ़ोटो भेजना होता है."

मी गठ्ठा काढून घेतला. ते नको नको म्हणत राहिले. आईचा फॉर्म मधेच सापडला. सहीतलं शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं, त्याखाली माझी सही.

माईकवर गेलो तेव्हा धंद्याबद्दल काहीच बोललो नाही. आईची गोष्ट सांगितली आणि फॉर्मवरची नावं एकेक करून वाचायला लागलो. अध्यक्षांनी समोरून हाताने थांबा अशी खूण केली. मी वाचत राहिलो. दहा-बारा नावं झाली असतील, तेव्हा मधल्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. औषधाच्या दुकानाचा मालक, मी त्याला ओळखतो.

"ये नाम फिर से पढ़ना."

मी पुन्हा वाचलं.

"मेरे पिताजी हैं," तो म्हणाला. "जनवरी में गए. कार्ड तो मिला नहीं था हमको. हमने सोचा फ़ॉर्म जमा है, अस्पताल से ख़बर हो गई होगी, वो लोग ख़ुद आएँगे. हम शाम तक बैठे रहे."

तो खाली बसला. मग सचिव उठले आणि आधीच लिहून आणलेलं आभाराचं भाषण वाचलं. माझ्या प्रेरणादायी विचारांबद्दल सर्वांच्या वतीने त्यांनी मला धन्यवाद दिले. मी शाल घेतली नाही, गठ्ठा घेऊन घरी आलो.

फॉर्मवरच्या प्रत्येक नंबरावर मी फोन केला. सगळ्यांना हेच वाटत होतं की आपलं नाव कुठेतरी नोंदलेलं आहे. काही ठिकाणी फोन मुलाने किंवा सुनेने उचलला आणि ते तर गेले म्हणून सांगितलं. तिथे मी पुढे काही विचारलं नाही. आता दुकानाच्या प्रत्येक पिशवीवर नेत्रपेढीचा नंबर छापलेला असतो.

माझ्या वाट्याची चूक मी कबूल करतो. पावती मागितली नाही, आणि चार तास चुकीच्या माणसांना फोन करत बसलो. याचा जबाब मी बायकोपुढे दिला आहे, मामांपुढेही द्यायला तयार आहे. क्लबातून मात्र एकच उत्तर येतं की तो आमच्या वर्षातला प्रोजेक्ट नव्हता. जुने अध्यक्ष म्हणतात फॉर्म सचिवांकडे होते, जुने सचिव म्हणतात चार्ज देताना सगळं कपाटासकट दिलं.

कोणाचंही नाव मी इथे लिहिलेलं नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजेल. दुकानात येऊन माझी समजूत घालू नका, चहा मी पाजणार नाही. पुढच्या सभेला बाहेरचा वक्ता बोलावू नका. त्या वर्षीच्या अध्यक्षांनी आणि सचिवांनी त्याच माईकवर उभं राहावं, औषधवाल्याला पहिल्या रांगेत बसवावं आणि सांगावं. फॉर्मची गिनती वर पाठवली, तो फलक हसत हसत हातात घेतला. मग फॉर्म इंदूरला का पाठवले नाहीत? तुमच्यापैकी कोणी ठरवलं?