एकटा उलटा कोपरा

रंग जुळवायच्या माझ्या चुंबकाच्या क्यूबचं मला एक फार आवडतं. थर जरा तिरका राहिला, तरी आतले इवलेसे चुंबक त्याला ओढून टक्कन सरळ बसवतात. माझ्या दुखऱ्या बोटांना तेवढाच आधार. पण गेले काही दिवस माझा क्यूब सुटेचना. सगळे रंग जुळायचे आणि शेवटी एकच कोपरा उलटा राहायचा. हातात मुरलेल्या चाली, त्याही विसरायला लागले की काय मी? माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. मी कुणाजवळ बोलले नाही.

आज मात्र डोक्यात उजेड पडला. अहो, कितीही फिरवा, एकटा कोपरा कधी उलटा होतच नाही. एक वळला की दुसऱ्या कुठल्या तरी कोपऱ्याला वळावंच लागतं, गणितच आहे तसं. म्हणजे कुणीतरी तुकडा काढून चुकीचा बसवलाय!

"अहो, माझा क्यूब पडला होता का?"

"जरासा," पेपरच्या आडून आमचे हे म्हणाले. "कोपरा निघाला होता. मी बसवला की लगेच! टक्कन बसलाही."

"बसणारच! चुंबकाला रंग दिसतात का?"

काय म्हणावं या टक्कन बसण्याला! तुकडा सरळ आहे एवढंच ते सांगतं, बरोबर आहे की नाही ते सांगत नाही. आणि आपण माणसं तेवढ्या आवाजावर निर्धास्त.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू चिडली असतीस."

चिडलेच असते हो. पण घाबरले तरी नसते.