बाबांचं रविवारचं पाणी

बाळकुमहून मी निघालो तेव्हा टेम्पोत एक गादी, चार भांडी, मिक्सर आणि आईने दिलेला सुक्या जवळ्याचा डबा, एवढंच सामान होतं. आई अशी रडत होती की शेजारच्या काकांनी विचारलं, पोरगा डोंबिवलीला चाललाय का दुबईला? सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी गादीची दोरी दोनदा सोडून पुन्हा आवळली आणि दर रविवारी जेवायला घरीच यायचं, असं बजावलं.

ताई, तू तेव्हा कळव्याला तुझ्या सासरी होतीस. बाबा गेले त्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, शेवटचे तीन रविवार होतास कुठे? त्याचं उत्तर आज देतोय, आईच्या सांगण्यावरूनच.

डोंबिवलीत मानपाड्याला आलो ते नोकरीसाठी. आमच्या वर्कशॉपमध्ये हॉस्पिटलांतली जुनी डायलिसिस मशीन दुरुस्तीला येतात, आणि माझं टेबल सोलेनॉइड व्हॉल्व्हचं. विजेवर उघडणारे अंगठ्याएवढे नळच म्हण. आतला पांढरा थर धुवायचा, रबर बदलायचं, करंट देऊन टक आवाज येतो का ऐकायचं. मग करंट काढायचा, मागून दाबाने पाणी सोडायचं आणि तोंडाखाली कोरडा टिश्यू ठेवून दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. टिश्यूवर एक ओला ठिपका दिसला की व्हॉल्व्ह रिजेक्ट. कारण आतल्या आत थेंब थेंब गळलं, तर पेशंटच्या अंगातून किती पाणी काढलं याचा मशीनला पत्ता लागत नाही. या कामात मी फार कडक. पोरं मला मागून हेडमास्तर म्हणतात.

इथे हळूहळू रुळलो. आयतवारचा संडे झाला. लग्न झालं, थर्ड फ्लोअरला वन बीएचके घेतला, आणि घरी जाऊन आलो की बायको म्हणायला लागली, आज तुझी भाषा बदललीय. मला ते आवडायचंही आणि लागायचंही.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. सोमवार-गुरुवार डायलिसिस. दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा आणि कालवणाचा रस्सा. ज्या माणसाचा जन्म खाडीत गेला त्याला आई छोट्या वाटीने पाणी द्यायची. सहा दिवस तिने त्यांना डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. सातव्या दिवशी मी यायचो.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पाहुणा जेवत असताना घरच्या माणसाने हात धुवायचा नाही. आणि ताई, मी त्या घरातून गेलो आणि पाहुणा झालो. आई खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण करायची. बाबांना तिखट-मीठ वर्ज्य, तरी माझ्याबरोबर बसायचे, मी उठेपर्यंत जेवायचे आणि मग पाणी मागायचे. ‘‘पोर घरा आयलाय,’’ म्हणायचे, ‘‘एक गिलासानं काय व्हतंय?’’

तो ग्लास मी भरून द्यायचो. कधी कधी दुसराही. टिश्यूवरच्या ठिपक्यासाठी व्हॉल्व्ह फेकणारा माणूस मी, त्या ग्लासाला नाही म्हणालो नाही. सोडून गेल्याची बोच होती ना मनात. एका दिवसाने काय होतंय, असं मलाही वाटून घ्यायचं होतं.

एकदा सोमवारी दुपारी आईचा वर्कशॉपवर फोन आला. त्या दिवशी अंगात साठलेल्या पाण्याने बाबांचं वजन फार चढलेलं, मशीनने ते पाणी ओढताना पाय आखडून ते ओरडले होते. दर सोमवारी असंच होतं, म्हणाली. मग म्हणाली, ‘‘बाला, आयतवारी येव नको रं. तू आयलास का ते पानी पितान.’’

नाही गेलो. बाबांना कारण सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं, नाहीतर त्यांनी आईला धारेवर धरलं असतं. ऑर्डर अर्जंट आहे, ओव्हरटाइम आहे, असं काहीबाही सांगत राहिलो. त्या तीन सोमवारी त्यांचं वजन आटोक्यात होतं. नर्सने आईचं कौतुक केलं. तिसऱ्या रविवारी बाबांनी स्वतःहून फोन केला. ‘‘तुना जमत नसंल त नको येव,’’ म्हणाले. ‘‘पन मना आयतवार हाय असा वाटतच नाय.’’

बुधवारी सकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, पाण्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या कामावरून मला कळतं की ते खरं बोलत होते. पण मुलगा तिकडचाच झाला असं समजून बाबा गेले, आणि ते आता कोणत्याही डॉक्टरला दुरुस्त करता येणार नाही. आई आणि मी यावर कधी बोललो नाही. परवा तीच म्हणाली, ताईला लिही, ती तुला बोल लावते ते मला बघवत नाही.

आता मी दर रविवारी बाळकुमला जातो. आई वाढते, मी जेवतो, हात धुतो, संध्याकाळी परत निघतो. माझ्या येण्याने त्या घरात कोणाचंही काही बिघडत नाही. दोन तास बसलो तरी नाही, मुक्काम केला तरी नाही.