प्रॉम्प्टिंगची वही

लेकीच्या गॅदरिंगसाठी तिला मिशी चिकटवताना डिंकाचा उग्र वास आला आणि मी गडहिंग्लजच्या आमच्या शाळेतल्या विंगेत जाऊन पोचले. नववीत होते. नाटकात काम मिळालं नव्हतं, म्हणून बाईंनी प्रॉम्प्टिंगची वही माझ्या हातात दिली होती.

मुख्य काम करणारी सुनंदा बोलता बोलता थांबली. मी पुढचं वाक्य सांगणार, तोच बाईंनी माझा खांदा दाबला. “थांब की. विसरली न्हाय ती. श्वास बघ तिचा.” सुनंदाचा श्वास संथ होता, ओठ नुसते थरथरत होते. मग ती बोलली आणि समोरचं अख्खं मैदान गप्प झालं.

तेव्हा वाटलं होतं, आपल्याला एवढंसुद्धा जमलं नाही. आता मी डॉक्टर आहे, आणि त्या संध्याकाळी मी नेमकं काय शिकले, याचंच कुतूहल वाटतं. गेल्या वर्षी दवाखान्यात एक मावशी “पोटात दुखतंय” म्हणून गप्प झाल्या. मी गोळ्या लिहिता लिहिता थांबले आणि त्यांच्याकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, छातीत गाठ बी लागतीया.”

गाठ लहान होती. ऑपरेशन झालं. मावशी आता पुन्हा म्हशींच्या धारा काढतात.