मिना आणि हवा मोजणारा सेन्सर

वारंगा फाट्यावर किसनसिंग मिस्तरींचं गॅरेज आहे. गॅरेजच्या एका कोपऱ्यात गंजलेल्या सायलेन्सरचा ढीग असतो. मिना राठोडला स्वतःचं टेबल टाकून गाड्या तपासायला तो कोपरा हवा होता.

मिना माझी अकरावीपासूनची मैत्रीण. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची. मी मराठी घेऊन एम.ए. झाले. ती हिंगोलीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झाली. वर्गात ती एकटीच मुलगी होती. पण तिचं शिक्षण फार आधी सुरू झालं होतं. तिचे वडील देविदासकाका वारंगा ते कळमनुरी जीप चालवायचे. जीपमध्ये चौदा माणसं बसली की मिनासाठी एकच जागा उरायची. गिअरच्या बाजूला, थेट डॅशबोर्डसमोर. बाराखडीच्या आधी तिला दिवे पाठ झाले. बॅटरीचा, तेलाचा, पाणी तापल्याचा. तेलाचा दिवा कायम पेटलेला असायचा. काका त्याला नमस्कार करून गाडी काढायचे. सहा वर्षांच्या मिनानं एकदा विचारलं, "बा, हा देव रोज लालच काहून असतो?" त्याच दिवशी जीपचं इंजिन बसलं.

किसनसिंग मिस्तरींनी तिला महिन्याची मुदत दिली होती.

"पोरी, माझ्या हातानं जात न्हाई असा एक तरी दिवा घालवून दाखव. कोपरा तुझा. न्हाई तर उगी जागा अडवू नको."

नाही तर तिला नांदेडला जायचं होतं, मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात. मामानं दिवसही ठरवला होता.

अडचण ही होती, की मिस्तरींच्या हातानं प्रत्येक दिवा जायचा. ते बॉनेट उघडायचे. बॅटरीची तार काढायचे. एक बिडी संपेपर्यंत थांबायचे आणि तार परत लावायचे. दिवा गायब. दोन दिवसांनी तो परत यायचा, पण तोवर गिऱ्हाइकानं परभणी गाठलेली असायची.

"काका, तुमी दिवा घालवतच न्हाई," मिना म्हणायची. "कुठं दुखतं ते गाडीनं लिहून ठेवलेलं असतं. तुमी तिची पाटीच पुसून टाकता."

"मग? दुखणं विसरली तर बरंच झालं की."

मिना कपाळावर हात मारून घ्यायची.

तिसाव्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजवर गेले. खरं तर निरोप द्यायलाच गेले होते. डबा उघडणार तेवढ्यात एक पांढरी गाडी खोकत खोकत आत आली. वैजनाथकाका उतरले. डोंगरकड्याचे हळदवाले शेतकरी. घरातली ही पहिलीच गाडी, चार महिन्यांची. मागच्या सीटवर त्यांची आई, सखुबाई, दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून बसलेली. पुढच्या सीटवर एक भलंमोठं गाठोडं होतं. नांदेडला सखुबाईंच्या पणतीचं बारसं होतं.

"मिस्तरी," वैजनाथकाका म्हणाले, "तिसरी खेप हाय. तुमी दिवा काढता अन् गाडी परत लावते. चढाला बैलगाडी पुढं जाऊन राहिली माझ्या. आता लाइट आली तर पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई."

मिस्तरींनी पाना उचलला. बॅटरीकडे हात नेला. आणि मिना बॉनेट आणि मिस्तरी यांच्या मधे जाऊन उभी राहिली. माझ्या हातातला डबा कलला.

"आज तारेला हात लावायचा न्हाई, काका."

गॅरेजमध्ये असं कोणी बोलत नसे. मिस्तरींनी तिच्याकडे पाहिलं. मग पाना खाली ठेवला, बिडी काढली आणि म्हणाले, "कर. बारसं आटपायच्या आत झालं तर सांग."

मिनानं स्टिअरिंगखाली गाडीची तक्रार वाचणारी काडेपेटीएवढी डबी खोचली. मोबाईलवर अक्षरं आली.

"हवा मोजणारा सेन्सर," ती म्हणाली. "इंजिनात हवा किती चालली ते हा सांगतो. तेवढ्या हिशोबानं डिझेल जातं. आता याचा आकडा जुळून न्हाई राहिला."

"मग बदल सेन्सर. विषय मिटला," मिस्तरी म्हणाले.

"तो नुसती तक्रार करून राहिला काका. तक्रार करणाऱ्यालाच घराबाहेर काढता का?"

सखुबाई मागून म्हणाल्या, "बराबर बोलली पोरगी."

मग मिनानं गाडी सोडली आणि माणसांना विचारायला लागली. तिची हीच पद्धत. आजारी लेकराच्या आईला डॉक्टर विचारतो तसं.

"काका, घरी गाडी कुठं उभी करता?"

"शेडात. उन्हात थोडीच ठेवणार? रंग उडतो."

"शेडात अजून काय हाय?"

"काही न्हाई. पॉलिशचा ड्रम हाय."

आमच्याकडे मार्चमध्ये हळद शिजून वाळली, की ती लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. वरची साल निघते. धूर निघावा तशी पिवळी भुकटी निघते. त्या धुरात वैजनाथकाकांनी आपली सर्वांत लाडकी वस्तू ऊन लागू नये म्हणून ठेवली होती.

"अन् हवेचा फिल्टर?" मिनाचा आवाज बारीक झाला.

"त्याची काळजीच नको!" काका खुलले. "दर आठवड्याला मी स्वतः काढतो. घरापुढच्या वट्ट्यावर आपटतो. पोतं झटकावं तसं. एकदम साफ."

मिनानं फिल्टरचा डबा उघडला. आतून सोनं निघालं. सगळा डबा पिवळाजर्द. मधला कागद आपटून आपटून कडेनं फाटला होता. एवढ्यात मिस्तरी वाकले आणि शिंकले. मग वैजनाथकाका. मग मी चार वेळा. सखुबाई हँडल सोडून खाली उतरल्या. बोटावर भुकटी घेऊन हुंगली.

"सेलम हळद हाय," त्या म्हणाल्या. "आपलीच."

मिना हसून हसून टायरवर बसली. मग डोळे पुसून उठली. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर दोन स्क्रू होते. तिनं ते सोडवून सेन्सर बाहेर काढला. अंगठ्याएवढं प्लास्टिक. आत केसासारखी बारीक तार. तारेलाही हळद लागली होती.

"बस एवढंच?" म्हणत मिस्तरींनी कंप्रेसरचा पाइप उचलला. "आत्ता फुंकतो."

"न्हाई!" मिना ओरडली. रस्त्यावरचा चहावाला वळून पाहायला लागला. "जोराच्या हवेनं तुटते ती. बोटबी लावायचं न्हाई."

मिस्तरींनी पाइप दोन्ही हातांनी खाली ठेवला, बाळ ठेवावं तसा.

तिनं सेन्सर धुवायचं औषध तारेवर फवारलं. पिवळं पाणी गळलं. मग तार वाळायची वाट बघायची होती. मी समोरच्या दुकानातून नवा फिल्टर आणला. इतक्या जपून आणला की रस्ता ओलांडायला मला पाच मिनिटं लागली. सगळं परत बसलं. गाडीनं लिहून ठेवलेली तक्रार मिनानं मोबाईलवरून पुसली.

"आता पुसायची," ती मिस्तरींना म्हणाली. "दुखणं गेल्यावर."

आम्ही सगळे गाडीत कोंबून बसलो. वैजनाथकाका चालवायला. मागे सखुबाई, मी, मिना आणि मिस्तरी. पुढे गाठोडं, ऐसपैस. गाडी सुटली. एक ट्रक मागे पडला. दुसरा पडला. वैजनाथकाका ओरडले, "अरे, ही तर पळून राहिली!" सखुबाईंनी माझा दंड धरला. मिना दोन सीटांमधून मान काढून डॅशबोर्डकडे टक लावून बसली होती.

डोंगरकड्याच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यातून आपटली आणि लाल दिवा पेटला. टिंग टिंग टिंग.

"गेलं," मिस्तरी म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला तेव्हाच जाणवलं.

मिना पांढरी पडली. मग तिनं डोळे बारीक केले. हात लांब करून गाठोडं दाबून पाहिलं.

"आजी, यात काय हाय?"

"लाडू. झबली. अन् व्याह्यांसाठी हळद, पंधरा किलो."

"सीटखाली वजन कळायचा सेन्सर असतो. खड्ड्यात गाठोडं त्यावर बरोबर बसलं. गाडीला वाटून राहिलं, इथं माणूस बसला अन् त्यानं पट्टा बांधला न्हाई."

मग सखुबाई पुढे वाकल्या आणि गाठोड्याला पट्टा बांधला. टिंग टिंग थांबलं. दिवा विझला.

"बसा आता नीट," त्या गाठोड्याला म्हणाल्या.

पुढे वैजनाथकाकांना गाडी चालवता येईना. डोंगरकड्यात बाजूला थांबवून आम्ही चौघंही हसलो. लोक जमले. मिस्तरींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सखुबाई आम्हाला दटावत होत्या, बारशाला उशीर होईल म्हणून.

परतताना, जिथं बैलगाडी पुढं जायची, तो चढ गाडीनं चौथ्या गिअरमध्ये घेतला. इंजिनाचा पिवळा दिवा आला नाही. फाट्यावर आम्ही तिघं उतरलो. वैजनाथकाकांनी काच खाली केली.

"मिस्तरी, पुढच्या खेपेला मी तुमच्याकडं येणार न्हाई."

"मग?"

"मिनाताईकडं येणार. पत्ता तोच राहील ना?"

मिस्तरी गॅरेजकडे वळले. गाडी नांदेडकडे गेली. मिना पायरीवर उभी, मिस्तरींच्या पाठीकडे बघत. ते सरळ कोपऱ्याकडे गेले. पहिला सायलेन्सर उचलला, झटकला आणि बाहेर फेकला. मग दुसरा.

"बघत काय राहिल्या दोघी? धरा," ते म्हणाले. "अन् टेबल कुठं टाकायचं ते सांग लवकर. भिंतीशी का उजेडाकडं?"

"उजेडाकडं," मिना म्हणाली.