थोरला गेला

धुकेवाले काका म्हणजे आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातले. विजेच्या तारा खांबाला टेकू न देता लोंबत्या धरणारी रबरी कांडी असते ना, चकत्याचकत्यांची, इन्सुलेटर म्हणतात तिला, ती किती टिकते हे बघणं हा त्यांचा धंदा. काचेच्या खोलीत कांड्या टांगायच्या, वीज सोडायची आणि आठवडेच्या आठवडे खारं धुकं सोडत बसायचं. समुद्रकाठचा खांब किती सोसेल ते त्यावरून कळतं म्हणे.

कांड्यांना नंबर होते, पण नंबराने बोलतं कोण! लांब तो थोरला, त्याच्याहून आखूड मधला, मग धाकटा. रबरावरून ठिणगी सरकली आणि वीज तुटली, की कांडी 'गेली'. मग वीज जोडून ती परत 'चढवायची'. एकच कांडी फार वेळा गेली की नापास.

त्या दिवशी काकांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, दादांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात येरझाऱ्या घालून त्यांनी वहिनींचं डोकं उठवलं, तेव्हा वहिनींनीच हाकललं. "भाऊजी, तुम्ही कामाला जा बरं! काही झालं तर करते फोन." कामावर आत मोबाइल न्यायला बंदी म्हणून काकांनी गेटचा नंबर देऊन ठेवला.

दुपारी मीठ संपलं. काका गेटाबाहेरच्या गोदामातून गोणी खांद्यावर घेऊन परतले, तर वॉचमन खिडकीतून ओरडला, "ओ, थोरला गेला!"

गोणी धप्पकन खाली.

"कोण? कोण गेला?"

"थोरला. फोन होता."

"कुणाचा?"

"बाईचा. घाईत होती. आतून का बाहेरून ते नाही बुवा कळलं."

दादांबद्दल बोलायचं तर माणूस 'थोरले गेले' म्हणेल, असं काकांच्या मनात आलं. पण हा वॉचमन मोठ्या साहेबालासुद्धा 'तो आला' म्हणणारा! त्याच्या अरेतुरेवर काय भरवसा ठेवायचा?

गेटावरच्या कपाटात ठेवलेला मोबाइल काढून त्यांनी वहिनींना लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत कुणी नाही. मग काका पळत सुटले, चाचणीच्या खोलीकडे.

काचेपलीकडे नुसतं पांढरं. थोरला दिसेना, धाकटा दिसेना. काकांनी थोरल्याच्या मीटरवर नाक टेकवलं. इतके दिवस त्याला पोटच्या पोरासारखा जपलेला, आणि आता मनात एकच, मेलेला असू दे रे बाबा, हाच मेलेला असू दे.

काटा जागेवर. वीज चालू. थोरला ठणठणीत.

काका भिंतीला टेकून खालीच बसले.

तेवढ्यात पॅनेलवरची बाई पाना घेऊन आली. "अय्या काका, असे काय बसलात? निरोप नाही मिळाला? थोरला गेला होता. मी चढवला परत."

"गेला होता? आपला?"

"मग कुणाचा? आता नापासच की हो तो. सगळी मेहनत पाण्यात."

"वा वा!" काका म्हणाले. "फार छान झालं!"

बाईने पाना खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. पण काकांचा चेहरा पुन्हा उतरला. कांडी गेली हे खरं, पण म्हणून दादा आहेत असं कुठं ठरतं? एका दिवशी दोन थोरले जाऊ नयेत असा काही नियम आहे का? हे बाईला विचारावं की नाही, तेही त्यांना समजेना.

पुन्हा गेटावर. मोबाइल वाजतच होता.

"भाऊजी, किती वेळ लावताय! फोन पिशवीत राहिला होता माझा. झालं सगळं नीट. शुद्धीवर आलेत. संध्याकाळी येताना चष्मा घेऊन या."

"कुणाचा?"

"अहो, कुणाचा काय! तुमच्या दादांचा!"

"हां हां, दादांचा," काका म्हणाले आणि दोन्ही हातांनी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला.