कट्ट्यावरचा श्री

देवाची भांडी चिंचेनं घासायला काढली होती. ताम्हण झालं, पंचपाळं झालं, तांब्या हातात होता. त्याची एक बाजू लखलखीत निघालेली, दुसरी अजून काळपट. तेवढ्यात पुंजाराम भावजी आले आणि बूट न काढताच दारातल्या ओट्यावर बसले. वर्दीतला माणूस भर दुपारी घरी आला की बाईला आधी वाईटच सुचतं.

“काय झालं भावजी? बरं नाही का?”

“काही नाही वहिनी. तुम्ही घासा.”

मी हात पुसले. आज त्यांची कोर्टात साक्ष होती, हे मला माहीत होतं. सकाळी त्यांच्या हातावर दही घातलं होतं मीच.

पुंजाराम माझे धाकटे दीर. मी या घरात आले तेव्हा ते गुलमंडीवरच्या एका भांड्याच्या दुकानात नाव टाकायला बसायचे. गिऱ्हाईकानं पातेलं घेतलं की त्यावर मशीननं कोरायचं, कुणाकडून कुणास, सप्रेम भेट. अक्षर मोत्यासारखं. दुकानाच्या शेठजींची एक रीत होती: सुई टेकली की आधी बारीकसा श्री काढायचा, मग नाव. नाव टाकायचे पैसे अक्षरावर घेत, पण श्री मोजायचा नाही. तो गिऱ्हाईकाचा नाही, देवाचा. आमच्या घरातलं एकही भांडं त्या श्रीविना नाही. त्यातल्या र ची शेपटी भावजी जरा उजवीकडं वळवतात. भांडी दुसऱ्याच्या घरी गेली तर मी त्या शेपटीवरून ओळखून आणते.

पुढं ते पोलिसात लागले. हवालदार झाले तसं त्यांच्याकडं मुद्देमालाची खोली आली. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू तिथं ठेवतात. त्यात गावठी कट्टे असायचे. एकदा भाकरी वाढताना मी विचारलं होतं, “इतके कट्टे, मग कोणता कुणाचा हे कळतं कसं?” तर म्हणाले, “कंपनीच्या पिस्तुलाला नंबर असतो, वहिनी. गावठीला आईबाप नसतात. म्हणून गुन्ह्याचा नंबर त्याच्यावर कोरायचा, खाली आपली खूण, आणि पंचनाम्यात तेच लिहायचं. आमच्यातले बाकीचे खिळ्यानं ओरखडतात. मी माझी मशीन नेलीय.” त्यांचं काम बघून साहेब म्हणाले होते म्हणे, “पुंजाराम, हा तर लग्नात द्यायच्या लायकीचा केलास.” आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

आज त्या हसण्याचीच लाज वाटते.

आमची वसाहत बिडकीनच्या रस्त्याला. शहर इथवर आलं, पाणी आलं नाही. गेल्या दोन उन्हाळ्यांत तर जायकवाडीत नुसता गाळ. मग टँकर, आणि टँकरवाल्यांची भांडणं, कुणी कोणत्या वसाहतीत शिरायचं यावरून. मागच्या गल्लीतल्या साळूबाईचा गोकुळ टँकर चालवायचा. दुसऱ्याच्या हद्दीत पाणी टाकलं म्हणून तिथल्या टँकरमालकानं त्याच्यावर गोळी झाडली. मांडीत लागली. जीव वाचला, पण पाय गेल्यासारखाच. आता काठी घेऊन दारात बसलेला असतो. तो कट्टा सापडला आणि भावजींच्या खोलीत आला. त्याच कट्ट्याची आज साक्ष.

मी पाण्याचा पेला पुढं केला. पेला हातात धरून ते बोलायला लागले.

“समोरच्या वकिलानं भिंग लावलं. म्हणाला, हवालदार, पंचनाम्यात नंबर आणि ‘पु’ एवढीच खूण लिहिलीय. इथं वर अजून एक अक्षर आहे. वाचा.”

“श्री?” मी विचारलं.

“श्री.”

“कट्ट्यावर?”

त्यांनी मान हलवली.

“मग तुम्ही पंचनाम्यात का नाही लिहिला?”

“श्री कुणी मोजतं का वहिनी? तो असतोच. मला तर कोरल्याचंही ध्यानात नव्हतं.” पेला तसाच खाली ठेवला त्यांनी. “वकील म्हणाला, हे श्री कोण? का हत्याराला मान देता तुम्ही? श्रीयुत कट्टा, मुक्काम पोस्ट पोलीस ठाणे! सगळे हसले. पट्टेवाला हसला. न्यायाधीश साहेबांनीसुद्धा खाली बघितलं.”

“सांगायचं ना, हाताची सवय आहे म्हणून.”

“जीभ उचलली नाही. आरोपी हसत होता वहिनी, आरोपी! मी म्हणालो, हा श्री माझा नाही.”

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी गोकुळ आलाच नाही. आधी आलं ते हे की, ज्या श्रीवर मी रोज गंध लावते तोच श्री माणसावर झाडलेल्या लोखंडावर. आणि मग कळलं की भावजींनी तो नाकारलासुद्धा. कशाची लाज आधी धरावी ते समजेना. भावजी पुढं सांगत होते: वकिलानं तेवढंच पकडलं. श्री तुमचा नाही, म्हणजे तुमच्यानंतर दुसरा हात लागला. मग हा तोच कट्टा कशावरून? कट्टा गेला तर खटल्यात राहतं काय? पाठीमागच्या बाकावर साळूबाई बसलेली होती.

हे बोलणं चालू असतानाच ती आली. आरडाओरड नाही. पदराखाली एक स्टीलचा डबा. गोकुळच्या लग्नात भावजींनीच दिलेला, गोकुळचं आणि सायलीचं नाव टाकून.

“या साळूबाई, बसा,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

“बसाया नाय आले, द्वारकाबाई.” तिनं डबा भावजींसमोर धरला. “दादा, मला वाचता येत नाय. पर हे वरलं अक्षर मी वळखते. गोकुळनं बोट ठिवून दावलं व्हतं. म्हणला, माय, पुंजाराममामा आधी देव लिवतेत, मंग आपल्याला. हे कुणाचं हाय?”

भावजींनी मान वर केली नाही.

“इचारते मी, दादा. कुणाचं हाय?”

“माझं आहे.”

“मंग तिथं कामून नाय म्हणलात? लग्नात आधी देव अन् कोर्टात आधी लाज, व्हय?”

“साळूबाई, मला वाटलं नाही की त्यानं एवढं...”

“तुम्हाला हासले म्हणून. माझ्या पोराला समदी गल्ली लंगड्या म्हणती, दादा. तो रोज ऐकतो. तुम्हाला एक दिस ऐकवंना.” तिनं डबा ओट्यावर ठेवला. “असू द्या हितंच. दावाया लागंल.”

ती गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. आम्ही दोघं त्या डब्याकडं बघत बसलो. श्री, र ची शेपटी उजवीकडं.

डबा जरा बाजूला सरकवून भावजी म्हणाले, “सरकारी वकील बाहेर म्हणाले होते, अर्ज करून परत उभं करता येतं. पण आधी खोटं बोललो, हे शपथेवर सांगावं लागेल. वर्दीवर येईल ते. आणि परत हसतील.”

“हसतील,” मी म्हणाले. हसणार नाहीत असं कसं सांगू?

“एका डब्यावर नाही भागायचं. तो गोकुळच्याच घरचा. समोरचा म्हणेल, आत्ता कोरून आणला.”

माझं लक्ष तांब्याकडं गेलं. माझ्या सासूबाईंच्या हयातीत भावजींनी टाकलेलं नाव, श्री आणि वर्षासकट. हा तांब्या देवघराच्या बाहेर कधी गेला नाही. शेजारणीला हळदीकुंकवालासुद्धा मी दिलेला नाही.

“हा घ्या,” मी म्हणाले.

“देवाचा तांब्या कोर्टात? तिथं तो कट्ट्याशेजारी ठेवतील, वहिनी. नंबर लावतील. किती वर्षं परत मिळायचा नाही. मुद्देमाल होईल त्याचा.”

मला हे सुचलंच नव्हतं. मी तांब्या मांडीवर घेतला. एक सांगते, मनात नाही म्हणावंसं वाटलं. हात तसाच आवळला गेला. मग गोकुळची काठी आठवली, आणि तोंड वर करता येईना. देवाला मी जपत होते की तांब्याला?

“उठा, बूट काढा,” मी म्हणाले. “जेवून घ्या. मी येते बरोबर. मलाही विचारलं तर सांगेन, हे अक्षर कुणाचं ते.”

“तुम्हालाही हसतील.”

“मग दोघांना हसतील.”

ते बूट काढून आत गेले, पण ताटावर नीट बसले नाहीत. अर्धी भाकरी तशीच राहिली.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला. पाणी पेल्यातून घातलं. नंतर ही वही उघडली, रोजच्यासारखा वर श्री काढला आणि हात थांबला. आज तो लिहायचा आपल्याला काय हक्क, असं वाटलं. खोडायलाही धीर झाला नाही. राहू दिला.

तांब्या अर्धा काळाच आहे. घासला तर नवा दिसेल, म्हणून तसाच पिशवीत घातला, डब्याशेजारी.

सकाळी भावजींबरोबर सरकारी वकिलांकडं जायचं आहे.