ताईंच्या गाडीचा गंज

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. जन्मभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्यांनी भिंगं घासली, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं फार दिवस मनात होतं. लिहिण्याचा हात नाही माझा, कुठे घसरलो तर सांभाळून घ्यावं.

चष्मेवाले आणि त्यांची थोरली बहीण, असं दोघांचंच घर. दोघांनीही लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ताई शाळेत शिकवायच्या. तोंडाने फटकळ, मनाने बऱ्या. घरात बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं ह्यांचं. गाडी ताईंची होती आणि ती चालवायच्याही त्याच. ताई गेल्या, आणि गाडी मागच्या अंगणात भिंतीला लागून उभी राहिली ती राहिलीच. चष्मेवाल्यांना गाडी चालवता येत नाही.

उन्हापावसाने गाडीची पार रया गेली. टपावर रंगाचे पोपडे सुटले, दारांच्या खालच्या कडांना गंज चढला. शेवटी इमारतीचे सेक्रेटरी वर जाऊन सांगून आले.

"चष्मेवाले, राग मानू नका, पण अंगणाचा उकिरडा झालाय. महिनाअखेर समिती बघायला येईल. गाडी नीटनेटकी दिसली तर राहू दे बापडी. नाहीतर भंगारवाला उचलून नेईल."

"करतो नीट," चष्मेवाले म्हणाले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजात पत्र्याचं काम करणारा एक जण आहे, त्याला सगळे उस्ताद म्हणतात. चष्मेवाले आधी त्याच्याकडे गेले. त्याने आकडा सांगितला. तो ऐकून हे समोर ठेवलेलं पाणीही न पिता परत आले आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधून स्वतःच गाडीपाशी बसले.

मी तळमजल्यावर राहतो. माझी खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे सगळं दिसायचं. काचांवर त्यांनी जुने पेपर चिकटवले. सुटलेला रंग लोखंडी पात्याने खरवडला, उरलेला पॉलिश पेपरने घासला. गंजावर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या लावायच्या, वर प्लास्टिक गुंडाळायचं, आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं. लगेच एवढ्यासाठी की उघडा पत्रा ओला राहिला तर पुन्हा लाल होतो. जेवढा भाग साफ होई तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर मारत. असं तुकड्यातुकड्याने काम चाललं होतं.

येणारेजाणारे थांबू लागले. सल्ला फुकट असला की आपल्या लोकांना कंटाळा येत नाही. कोणी म्हणे रॉकेल लावा, कोणी म्हणे राख लावा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळत घालता घालता वरूनच ओरडल्या, "अहो चष्मेवाले, गाडीला टक्कल पाडलंत की!"

"केस येतील परत," हे खालून म्हणाले.

वहिनी हसल्या, आणि मी खिडकीत चमकलो. ताई गेल्यापासून चष्मेवाल्यांनी कोणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

घोटाळा झाला तो चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराशी. भिंग घासताना ते डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवत. डोळे मिटायचे, बोटाचं टोक फिरवायचं, आणि काहीतरी लागतंय तोवर घासत राहायचं. दाराच्या खालच्या कडेलाही त्यांनी तेच केलं. गंजाचा एक खडबडीत ठिपका बोटाला लागत होता. घासला, तरी लागला. पुन्हा घासला. आणि ब्रश आरपार गेला. चांगलं अंगठा जाईल एवढं भोक पडलं. महिना संपत आला होता.

मी उस्तादला बोलावून आणलं. तो उकिडवा बसून बघत राहिला.

"काका, ही काच नाही. काचेला घासत राहिलं की ती साफ होते. इथे गंज संपायच्या आत पत्रा संपतो. घट्ट पत्रा लागला की थांबायचं असतं."

"थांबायचं कळलं नाही," चष्मेवाले म्हणाले.

"आता दार बदला, नाहीतर आतून तुकडा लावा. ड्रिल, रिव्हेटचे खिळे आणि ते बसवायची पकड मी देतो. पण आतून कोणीतरी दाबून धरायला लागेल. मला वेळ नाही."

उस्ताद गेला. चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी मला विचारलं नाही, मीच दाराच्या आतल्या बाजूला जाऊन बसलो. त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापून तुकडा केला, दाराचं आतलं आवरण काढलं. त्या फटीतून हात घालून मी तुकडा भोकामागे दाबून धरला. ते बाहेरून रिव्हेट मारत होते.

मध्येच ते म्हणाले, "ताई असती तर म्हणाली असती, तुला पुसायला सांगितलं होतं, भोक पाडायला नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटचा रिव्हेट मारून म्हणाले, "सोडा आता. बसला तुकडा."

वरून लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरली, घासली, प्रायमर लावला, आणि सगळ्या गाडीला पूर्वीसारखाच निळा रंग दिला. जवळून पाहिलं तर ब्रशच्या रेघा दिसतात. समिती काही तेवढ्या जवळून पाहत नाही.

"वा!" सेक्रेटरी म्हणाले. "आता विकायला काढलीत तर गिऱ्हाईक मिळेल."

"विकायची नाही."

"मग राहू दे."

गाडी राहिली. ज्यासाठी जिवाचं रान केलं ते मिळालं, म्हणून मला बरं वाटलं. पण चांगल्या दिसणाऱ्या गाडीपाशी थांबायचं कोणाला कारण नसतं. वहिनी कपडे काढून आत जातात. सल्ला देणारे सरळ फाटकाबाहेर पडतात. चष्मेवाले सवयीने सकाळी खाली येतात, कोरड्या फडक्याने टप पुसतात, जरा उभे राहतात आणि जिना चढून परत जातात. त्यांच्या घरात रेडिओसुद्धा लागत नाही.

परवा संध्याकाळीही ते गाडीपाशी उभे दिसले, म्हणून मी बाहेर गेलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. म्हटलं, "मागच्या दिव्याखाली थोडा गंज दिसतोय का हो?"

त्यांनी वाकून बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं आणि त्यांच्या बोटालाही कळलं असणारच. ते जरा वेळ तसेच वाकून राहिले.

"आत्ता उजेड नाही," ते म्हणाले. "सकाळी या. नीट बघू."